मुकादमांची वीस नावं

प्यो दोंग-ग्यू या गृहस्थांना आयुष्यात एकदाही बेसबॉलचा चेंडू झेलता आलेला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी स्टेडियममध्ये एक चुकार चेंडू उडत उडत थेट त्यांच्या मांडीवर आला. तो त्यांनी दोन्ही हातांनी ढकलून माझ्या बिअरमध्ये पाडला आणि वर मलाच म्हणाले, "मास्तर, तुमचं लक्ष कुठे असतं?" तरीही पोहांग शहरात बेसबॉलवर शेवटचा शब्द त्यांचाच. निदान जुकदो बाजाराच्या दुसऱ्या गल्लीत तरी.

एकतीस वर्षं ते पोलादाच्या कारखान्यात होते आणि निवृत्त झाले तेव्हा मुकादम होते. नोकरी गेली, पण हुद्दा आम्ही त्यांच्या अंगावर तसाच राहू दिला, कारण तो काढून घेतला असता तर खाली फार काही सापडलं नसतं. कारखान्यात त्यांनी एक शब्द टाकला की चाळीस माणसं हलायची. घरी बायको हलेना. ती आठवड्यातून तीन दिवस डोंगर चढणाऱ्या बायकांबरोबर जायला लागली आणि उरलेले दिवस पाय दुखतात म्हणून पडून राहू लागली. मग मुकादमांनी आपलं लक्ष पोहांग व्हेल्सकडे वळवलं. हा आमचा संघ. दहा संघांत आठवा येतो, फार जोर लावला तर सातवा.

मुकादमांची एक सवय आधी सांगून टाकतो, म्हणजे माणूस कळेल. हिवाळ्यात संघ म्हणजे 'आपण'. "आपल्याला एक डावखुरा बॅटर लागतो, आपण जपानमधून पिचर आणू." एप्रिलमध्ये सामने सुरू झाले आणि हार सुरू झाली की तोच संघ 'ते' होतो. "ते काय खेळतात, त्यांना लाज नाही." खरेदी करताना आपण, हरताना ते. मी पोस्टात अडतीस वर्षं काढली, बरीच माणसं पाहिली, पण सर्वनामाशी इतका सोयीचा संसार करणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

आम्ही दुपारी ओक-नाम मावशींकडे जेवायचो. मावशी मुकादमांपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण खानावळ चालवणारी बाई सगळ्यांचीच मावशी. चार टेबलं, माशाचा रस्सा, भात, किमची, आणि नोव्हेंबर लागला की ग्वामेगी. समुद्राच्या वाऱ्यावर अर्धवट सुकवलेला तो मासा समुद्री शेवाळात गुंडाळून, लसणाच्या पाकळीबरोबर तोंडात टाकला की मुकादमही क्षणभर गप्प बसायचे. ग्वामेगी मला आवडते त्याचं हेही एक कारण आहे.

गल्ल्यामागच्या भिंतीवर व्हेल्सचा एक शर्ट चौकटीत लावलेला होता, पाठीवर सत्तेचाळीस. तो मावशींच्या मुलाचा, सॉन-होचा. सॉन-हो डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. पहिल्या दर्जाचा नव्हे. सामना अडचणीत आला की त्याला मैदानात पाठवायचे, समोरच्या एकदोन बॅटरना बाद करायचं आणि परत येऊन बसायचं. दुय्यम संघात सहा वर्षं घासल्यावर गेल्या दोन वर्षांत त्याला इतकं मिळालं होतं. सामने नसत त्या महिन्यांत तो पहाटे लिलावातून मावशींचे माशांचे क्रेट उचलून आणायचा, मोठी भांडी घासायचा आणि गिऱ्हाइकांना वाकून नमस्कार करायचा. त्याची बायको इथल्याच इस्पितळात परिचारिका. तिला फेब्रुवारीत मूल होणार होतं. मावशींनी खानावळीच्या वरचा मजला त्यांच्यासाठी नीट करायला घेतला होता, जमीन उकरून खालून ऊब देणाऱ्या नवीन नळ्या घातल्या होत्या. भात वाढता वाढता त्या आम्हाला सांगायच्या की आता बाळ उघड्या पायांनी रांगलं तरी हरकत नाही.

सॉन-होला आपण शोधला, असं मुकादम सांगत. तो शाळेत असताना त्यांनी त्याचा एक सामना पाहिला होता, एवढ्यावर. सॉन-होच्या लग्नात ते माईकसमोर वीस मिनिटं बोलले आणि त्यातली अठरा स्वतःबद्दल होती. पोरानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. नवरी मात्र घड्याळ बघत होती, आणि मला ती तेव्हापासून आवडते.

तर त्या नोव्हेंबरात सोलच्या संघाचा मो जिन-चॉल मोकळा झाला. करार संपला, आता जो पैसे देईल त्याचा. चौतीस वर्षांचा, उंचापुरा, वर्षाला तीस होमरन मारणारा. भाव निघाला चार वर्षांचे हजार कोटी वॉन. सबंध शहराला त्या आठवड्यात दुसरं काम नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात दोन बोटं घालून माझं मत विचारलं.

आमच्या टेबलावर विरोधी पक्ष एकच, पेक टॅक्सीवाला. मुकादमांपेक्षा दहा वर्षांनी लहान, त्यांना दादा म्हणणारा, पण आकडे पाठ. त्याचं म्हणणं सरळ होतं. मोचे गुडघे गेलेत, मागच्या दोन वर्षांत तो उन्हाळ्यात मंदावतो, आणि चौथ्या वर्षी तो अडतीसचा असेल. शिवाय एवढ्या बड्या माणसाला घेतलं की नियमानं त्याच्या जुन्या संघाला बदल्यात आपला एक खेळाडू द्यावा लागतो. आपण वीस नावं झाकून ठेवायची, उरलेल्यांतून ते हवा तो उचलणार.

"अरे, हजार कोटी काय तुझ्या मीटरमधून जाणारेत?" मुकादम म्हणाले.

"माझ्या नाही, दादा. पण पोरगा आपला जाईल ना."

"उरलेल्यांतला जाईल. उरलेला म्हणजे कोण? ज्याचं नाव तुलाही आठवणार नाही असा कोणीतरी."

हा वाद दोन आठवडे चालला. वाद म्हणजे पेक आकडा सांगायचा आणि मुकादम आवाज वाढवायचे. मुकादमांचा मुद्दा एकच होता आणि तो मुद्दा नव्हता, हट्ट होता: मी मरायच्या आत एकदा संघ पहिला आलेला बघायचाय. त्यावर काय बोलणार? माणूस मरणाची भाषा करायला लागला की आकडे सांगणारा निर्दय दिसतो. मुकादमांची प्रकृती ठणठणीत आहे, तीन वाट्या भात जिरवतात, हे त्या क्षणी कोणी मध्ये आणत नाही. मी तर आणलंच नाही. मी कुठल्याच बाजूनं बोलत नव्हतो आणि त्याला समंजसपणा म्हणत होतो.

मग ट्रकची टूम निघाली. आमच्याकडे चाहत्यांना राग आला की ते ट्रक भाड्यानं घेतात. त्यावर सिनेमाच्या पडद्याएवढी दिव्यांची पाटी असते. ती पाटी पेटवून ट्रक संघाच्या मालक कंपनीच्या सोलमधल्या कचेरीसमोर दिवसभर उभा करायचा. पाटीवरचा मजकूर मुकादमांनी लिहिला: 'मो जिन-चॉलला आणा, नाहीतर संघ विका.' या सहा शब्दांवर त्यांनी चार दिवस घालवले. ट्रकबरोबर जाणाऱ्या दहाबारा जणांसाठी मावशींनी पहाटे उठून किम्बापचे, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्यांचे, डबे भरले, कारण संघ जिंकावा असं त्यांनाही वाटत होतं. डबे गाडीत नेऊन ठेवले सॉन-होनं. मुकादमांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, मो आला की तुझं काम हलकं होईल बघ. सॉन-हो वाकला आणि "हो, काका" म्हणाला.

स्वतः मुकादम ट्रकबरोबर गेले नाहीत. थंडी होती.

ट्रकमुळे की आणखी कशामुळे मला ठाऊक नाही, पण आठवड्याभरात क्लबनं मोला करारबद्ध केलं. त्या दुपारी मुकादमांनी सगळ्या गल्लीला ग्वामेगी खाऊ घातली आणि आपण कशी वाटाघाट केली ते सांगितलं. कोणाशी केली, हे कोणी विचारलं नाही. मावशींनीही त्यांच्या पेल्यात सोजू ओतली आणि अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवसापासून यादीचा हंगाम सुरू झाला. क्लबला तीन दिवसांत वीस नावं कळवायची होती, आणि ती गुप्त असतात, म्हणून प्रत्येक चाहता आपली आपण करतो आणि मोबाइलवर सगळ्यांना दाखवतो. न्हाव्यानं केली, केमिस्टनं केली. मुकादम मागे राहणं शक्यच नव्हतं. आदल्या दिवशीच्या ग्वामेगीच्या गठ्ठ्याचा जाड तपकिरी कागद टेबलावर पडला होता, दोन्ही बाजूंनी कोरा. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे, लिहा." मी खिशातून पेन्सिल काढली. अक्षराची स्तुती केली की मी काहीही लिहितो.

अठरा नावं भराभर झाली. उरल्या दोन जागा. एक मुकादमांनी राखीव कॅचरला दिली. शेवटच्या जागेसाठी दोघे होते, एकोणीस वर्षांचा एक पोरगा, जो अजून एकही खरा सामना खेळला नव्हता पण चेंडू भन्नाट वेगानं फेकतो असं म्हणत, आणि सॉन-हो.

पेक हळू आवाजात म्हणाला, "सॉन-हो घ्या ना, दादा. रोजच्या कामाचा माणूस आहे."

"रोजच्या कामाचा आहे म्हणूनच," मुकादम म्हणाले. "एकोणतीस वर्षांचा डावखुरा. सोलवाल्यांकडे डावखुरे ढीगभर पडलेत. त्याला उघडा ठेवला तरी ते हात लावणार नाहीत. डोकं वापरायचं असतं, पेक."

हे सगळं सत्तेचाळीस नंबरच्या शर्टाखाली चाललं होतं. मावशी किमचीची बशी घेऊन आल्या होत्या आणि तिथेच उभ्या होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि विचारलं, "वीस जणांत आमचा बसतो ना, मुकादम?"

मी मान वर केली नाही. मुकादमांनी केली. एखाद्या रोग्याला समजावावं तशा आवाजात म्हणाले, "मावशी, भावना बाजूला ठेवून यादी करायची असते."

मावशी म्हणाल्या, "असं होय." आणि शेजारच्या टेबलाला पाणी द्यायला गेल्या.

पेन्सिल माझ्या हातात होती. विसावं नाव मी लिहिलं, त्या पोराचं. नाव लिहिण्याआधी मी थांबलो होतो, हे मी पुढे बऱ्याच वेळा स्वतःला सांगितलं, पण थांबलो म्हणजे पेन्सिलीचं टोक बघितलं, एवढंच. मुकादमांनी कागदाचा फोटो काढला आणि 'पोलादी मनगट' या नावानं चाहत्यांच्या पानावर टाकला. हे त्यांचं तिथलं नाव. दोन हजार लोकांनी शाबासकी दिली. भावनेच्या आहारी न जाणारा खरा जाणकार, असं कोणीतरी खाली लिहिलं. मुकादमांनी ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. कागद टेबलावरच राहिला.

क्लबानं त्यांची यादी वाचली असेल असं मी म्हणत नाही. क्लबातही त्यांच्यासारखीच माणसं बसतात, एवढंच.

गुरुवारी दुपारी, जेवणं आटोपत आली असताना, सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. सोलच्या संघानं बदल्यात बांग सॉन-होला निवडलं होतं. खाली कारणही छापलं होतं: आमच्याकडे भरवशाचा डावखुरा नाही.

मावशी मोरीवर भांडी घासत होत्या. पाण्याचा आवाज चालू होता, त्यामुळे त्यांना कळलं नसावं असं वाटलं. मग आवाज बंद झाला आणि त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. अशा वेळी माणसानं गप्प बसावं, निदान गप्प बसावं. मुकादमांनी वाटीतला उरलेला रस्सा संपवला आणि म्हणाले, "स्वस्तात सुटलो. मला त्या एकोणीस वर्षांच्या पोराची धास्ती होती."

पेकनं टोपी उचलली आणि तो निघून गेला. मी मात्र बसून राहिलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा बिल द्यायचं राहिलं होतं म्हणून.

सॉन-हो दोन दिवसांनी गल्लीत सगळ्यांचा निरोप घ्यायला आला. प्रत्येक टेबलापुढे वाकला. मुकादमांनी त्याला सोलमध्ये कोपर कसं उबदार ठेवावं यावर पाव तास उपदेश केला, आणि शेवटी म्हणाले, शेवटी हा धंदा आहे, मनाला लावून घ्यायचं नाही. सॉन-हो म्हणाला, "हो, काका." त्याच्या बायकोनं मात्र मुकादमांकडे अशी नजर टाकली की मी माझी वाटी जवळ ओढून घेतली. जानेवारीत तीही गेली, तिकडच्या इस्पितळात नाव घालायचं होतं. त्यांचं घर लावून द्यायला मावशींनी चार दिवस खानावळ बंद ठेवली. वरच्या मजल्याची जमीन तापत राहिली, कारण नवीन नळ्या थंडीत बंद ठेवल्या तर फुटतात, असं त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही तिघे गेलो. भिंतीवरचा शर्ट नव्हता. त्या जागी चिकटपट्टीनं लावलेला एक कागद होता, त्यावर मावशींच्या हातची नावं, एकाखाली एक. मुकादम चष्मा वर करून वाचायला गेले, कारण कुठलीही यादी दिसली की त्यांना ती तपासावीशी वाटते.

"ही कसली?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाल्या की पहाटे क्रेट उचलायला आता कोणी नाही, मोठं भांडं त्यांच्या एकटीनं उतरत नाही, म्हणून यापुढे रस्सा वीस वाट्यांचाच होणार. वीस नावं लिहिली आहेत. त्यांनाच वाढणार.

मुकादमांनी वरून खाली वाचलं, मग खालून वर. पेक नवव्या क्रमांकावर होता. मग ते हसले. "मावशी, माझं राहिलं."

"राहिलं नाही. बसलं नाही."

"एकवीस वर्षं जेवतोय मी इथे."

"जेवता ना," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पण वय झालंय तुमचं. भात तीनदा मागता. बोलता दोन माणसांइतकं. तुम्हाला उघडं ठेवलं तरी समोरचे खानावळवाले तुम्हाला पळवून नेतील अशी मला भीती नाही. मलाही वाईट वाटतं, मुकादम. पण भावना बाजूला ठेवून यादी करायची असते. तुम्हीच सांगितलंत, इथेच बसून."

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या बाजूनं काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती, आणि मी न बोलण्यात किती तरबेज आहे हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. ते कोट घालून बाहेर पडले. दारातून परत वळून म्हणाले की रस्सा अलीकडे खारट होतोच होता.

आता ते समोरच्या खानावळीत जेवतात, खिडकीजवळ, तोंड आमच्या दाराकडे करून. तिथल्या लोकांना सांगतात की आपण सॉन-होला वाचवायला जिवाचं रान केलं, पण क्लबानं ऐकलं नाही. यादीचा फोटो अजून चाहत्यांच्या पानावर आहे, कोणीही काढून बघावा. कोणी बघत नाही. मो जिन-चॉलचे गुडघे जूनमध्ये गेले. तेव्हापासून व्हेल्स म्हणजे पुन्हा 'ते' झालेत.

फेब्रुवारीत मावशींना नात झाली. त्यांनी ती मोबाइलवर बघितली आणि आम्हालाही दाखवली, ओला हात पुसून, कोपऱ्यातून धरून.

मी यादीत आहे. विसावा. याचा मला बरेच दिवस अभिमान होता, खोटं कशाला सांगू. मुकादम बाहेर आणि मी आत, म्हणजे मावशींनी माणसं बरोबर ओळखली, असं मी मनाशी धरून चाललो होतो. परवा वाफेनं कागदाची चिकटपट्टी सुटली आणि खालचा कोपरा लोंबायला लागला. मी तो परत चिकटवायला उठलो. कागद हातात घेतला तर जाड, तपकिरी, अजून ग्वामेगीचा वास मारणारा. उलटून पाहिलं. पाठीमागे पेन्सिलीनं वीस नावं होती, सुबक, माझ्या अक्षरात. विसावं त्या पोराचं.

मी कागद सरळ केला आणि दाबून लावला. मावशी मागे माझी वाटी घेऊन उभ्या होत्या.

"बसा मास्तर," त्या म्हणाल्या, "गार होतंय."